पेटीचं दार पश्चिमेला

३ मार्च १९९७
फरीदाने आज हवामान संस्थेचा सभासदत्वाचा अर्ज भरला. दोन वर्षं तिच्या मागे लागले होते. भौतिकशास्त्रात माझ्या हाताखाली शिकवते, तासिका तत्त्वावर. कायम जागेची मुलाखत जूनमध्ये.
"फायदा काय पण, मॅडम?" हा तिचा जुना प्रश्न. म्हटलं, या कॉलेजात हवामानातलं आपल्या दोघींशिवाय कोणाला कळत नाही. म्हणजे आपलं चुकलं तर सांगणारं कोणी नाही. तेवढ्यासाठी व्हायचं. व्याख्यानं, अंक, नागपूरची लायब्ररी, हे वरचं.

६ मार्च
ब्लाऊज शिवायला तिच्या अब्बांच्या दुकानात. रहीमभाई मशीन चालवत चालवतच: "बाई, दरसाल वर्गणी भराची, आन् हे लोक पाऊस पाडत नाई का छत्री देत नाई. मंग देतात काय?"
म्हटलं, पोरीचा निबंध नागपूरला वाचला जाईल. छापूनही येईल.
मशीन थांबलं. "नाव पुरं छापतीन ना? बापाच्या नावासंगट?"

२७ मार्च
उद्यापासून गडचिरोलीला, परीक्षा केंद्रावर. महिनाभर तरी. मैदानातली तापमापकांची पेटी रंगवायला काढली आहे. शिपाई वासुदेवभाऊंना बजावलं, रंग पांढराच. गेल्या वेळी कपाटाचा उरलेला हिरवा लावणार होते. नोंदी फ. घेईल.

१९ एप्रिल, गडचिरोली
केंद्रावर पाणी नाही, पंखा नाही, कॉपी मात्र भरपूर. तीन पोरं उठवली. एकाचा काका भेटायला आला. परत गेला.
संध्याकाळी फ.चा फोन. आपल्या मैदानात विक्रमी तापमान. पेपरवाले येऊन गेले. निबंध याच उन्हाळ्यावर लिहिते आहे, संस्थेच्या नागपूर शाखेने मेच्या सभेसाठी घेतला. आवाजात आनंद मावत नव्हता. मलाही बरं वाटलं. आकडा जरा जास्त वाटला, पण चंद्रपूरच्या एप्रिलला जास्त काय म्हणायचं.

२ मे
परत. बसस्टँडवरून ऑटो केला. "बाई, औंदा आपन नागपूरले हरवलं. पेपरात आलं ना." मॅच जिंकल्यासारखं सांगत होता. प्राचार्यांनी तर कात्रण फ्रेम करून टांगलं आहे.

५ मे
शाखेचा रिवाज आहे: सभासद स्वतःच्या नोंदींवर निबंध वाचणार असेल, तर आधी कोणीतरी जाऊन जागा पाहून यायचं. आज नागपूरहून खोब्रागडे आले. हवामान खात्यातून निवृत्त, माणूस अबोल. चहा नको म्हणाले, थेट मैदानात. दुपारची नोंद घ्यायची वेळ होती. फ.ने पेटीचं दार उघडलं. तिच्या खांद्यावरून ऊन सरळ आत, तापमापकांवर.
मी जागीच थांबले. पेटीचं दार उत्तरेला हवं. हे पश्चिमेला होतं.
खोब्रागडे इतकंच म्हणाले, "केव्हापासून?"
रंगवल्यापासून. वासुदेवभाऊंनी पेटी पायांवर परत बसवताना दार प्रयोगशाळेकडे केलं. "म्याडमले मैदानातून वळसा घ्या लागे ना, बाई. म्हून इकडं केलं." चांगुलपणाच सगळा. आणि फ.? "मले वाटलं तुम्हीच सांगून गेल्या असान. तुमचं सांगणं असन तर काऊन विचारू?"
कमाल तापमापकातला पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. रोज दुपारी दार उघडून आम्हीच तो चढवत होतो. एप्रिल सगळा गेला. विक्रमही.

६ मे
फ. सकाळीच घरी आली. रडलेली. निबंध मागे घेते म्हणाली.
"मुलाखतीत काय दाखवू, मॅडम? आता माह्याजवळ हायेच काय?"
मी समजूत काढत बसले नाही. विचारलं, चूक किती अंशांची हे तुला माहीत आहे का? नाही म्हणाली. मग मोज.
डोळे पुसून म्हणाली, "जुनी पेटी गोदामात पडली हाये."

८ मे
मैदानात दोन पेट्या. एकीचं दार उत्तरेला, दुसरीचं मुद्दाम पश्चिमेला. दोन्हींची नोंद रोज. वासुदेवभाऊ पेट्यांपाशी फिरकत नाहीत. फ.ने बोलावून दोन्ही दारं उघडून दाखवली. "हे तं भट्टी हाये ना बाप्पा," म्हणाले.

१५ मे
फरक रोज दिसतो आहे. ढगाळ दिवशी जवळपास नाही. मुद्दा पक्का.
प्राचार्यांनी बोलावलं. "विक्रम राहू द्या ना मॅडम, कोणाचं काय बिघडतं? कॉलेजचं नाव झालं."
म्हटलं, फ्रेम तेवढी उतरवा. भिंत मी रंगवून देते.
हसले नाहीत. मुलाखत समितीत तेच अध्यक्ष.

२५ मे, नागपूर
फ.ने निबंध वाचला. विषय बदलून: पेटीच्या दाराची दिशा आणि कमाल तापमानातली चूक. सुरुवातीलाच सांगितलं, ही चूक आमच्याच मैदानातली. प्रश्नांचा भडिमार. एक जण फारच खोचक: "तुम्ही वर पाहिलं नाही का, सूर्य कुठे आहे?"
"पाहिलं ना सर. पाहून सावलीत उभी राह्यली. थर्मामीटर राह्यला उन्हात."
सभागृह हसलं. तोही हसला. नंतर तिच्याभोवती चारपाच जण, आकडे उतरवून घेत. मी लांब उभी राहिले. माझी गरज नव्हती.

३० मे
रहीमभाईंचा निरोप: ब्लाऊज तयार. शिलाई घेईनात. मी वाद घातला, दिलीच.

१४ जून
मुलाखत झाली. मी विभागप्रमुख म्हणून समितीत होते, पण माझं मत एकच. प्राचार्यांनी मुद्दाम विचारलं, "स्वतःचं काम स्वतःच खोटं ठरवणाऱ्या प्राध्यापिकेवर मुलांनी विश्वास का ठेवावा?"
फ. शांत. "सर, हे मले नागपुरात याहून वाईट शब्दांत विचारलं होतं. मी आकडे दाखवले. इथीही आणले हायेत." फाइल पुढे केली. प्राचार्यांनी उघडली नाही. बाहेरून आलेल्या विषयतज्ज्ञांनी ओढून घेतली आणि बराच वेळ वाचत बसले.
उमेदवार आणखी तिघे, दोघे वशिल्याचे. निकाल विद्यापीठाच्या मंजुरीनंतर.
निघताना ते तज्ज्ञ व्हरांड्यात थांबले. "या संस्थेचं सभासद व्हायचं तर अर्ज कुठे मिळतो?"
माझ्या टेबलाच्या खणात गठ्ठा आहे. म्हटलं, आत्ता दिला तर तोही वशिला ठरेल; निकाल लागल्यावर या, देईन.