खाऱ्या पाण्याची टाकी

गुरुवार, १६ मे २०२४, संध्याकाळ
छत्रपती संभाजीनगर

प्रिय सुकू,

आठ वर्षांनी लिहितोय. इतक्या दिवसांच्या अबोल्याबद्दल माफी मागतो. लिहायला बसलोच नाही असं नाही. माझ्या रोजच्या वहीत तुझ्या नावानं सुरू केलेली तीन पत्रं आहेत, तिन्ही दुसऱ्या ओळीत अडकलेली. हे चौथंही त्याच वहीत लिहितोय, पण अडकू देणार नाही. एकच विनंती आहे, मधेच ठेवू नकोस. लहानपणी तू माझी रसायनाची पुस्तकंसुद्धा शेवटच्या पानापर्यंत वाचायचीस, कळलं नाही तरी. त्या सवयीवर माझी सगळी भिस्त आहे.

माझी टाकी तुला आठवत असेलच. दोन फूट लांब काच, साठ लिटर पाणी, त्यात मोजून कालवलेलं समुद्राचं मीठ, थोडे दगड, एक नारिंगी मासा आणि पुण्याच्या एका माणसानं स्वतःच्या टाकीत वाढवून दिलेले, बोटाच्या पेराएवढे प्रवाळाचे पाच तुकडे. समुद्रापासून इतक्या लांब, दुष्काळाच्या गावात, मी समुद्र मांडून बसलो होतो. २०१६ च्या मे महिन्यात तू आईला भेटायला आलीस तेव्हा मी टाकीत भर घालत होतो. उन्हाळ्यात रोज दोनेक लिटर पाणी उडून जातं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती एकदम शुद्ध पाण्याची. ते शुद्ध पाणी एक बादली मिळवायचं तर गाळणीचं यंत्र तीन बादल्या मोरीत सोडतं. आई त्याच मोरीतून अर्ध्या बादलीची आंघोळ उरकून बाहेर आली. तू दारातच उभी होतीस. म्हणालीस, "दादा, माशाला गाळलेलं पाणी अन् आईला अर्धी बादली. लई शिकलास." मी म्हणालो, "तुला नाही कळायचं त्यातलं." माझं हे वाक्य वहीत त्या तारखेला जसंच्या तसं आहे. खोडलेलं नाही. तू दुपारच्याच गाडीनं परत गेलीस. तुझ्या श्रेयाच्या लग्नात मी अक्षता टाकल्या आणि न जेवता निघालो, तेव्हाही आपण एकमेकांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होतो.

तू गेल्यावर मी ती टाकी बदलत राहिलो, हे तुला माहीत नाही. पाणी उडू नये म्हणून वर काचेचं झाकण बसवलं, तर आतलं पाणी तापलं आणि प्रवाळ उकडल्यासारखे लोळागोळा झाले. झाकण काढून छोटा पंखा लावला. पाणी गार झालं, पण दोनाचं तीन लिटर उडायला लागलं. मग शुद्ध पाणी फुकट मिळेल म्हणून कॉलेजातल्या एसीखाली डबा लावला. एसीच्या नळ्या तांब्याच्या. तांब्याचा अंश पाण्यात उतरला आणि चार दिवसांत टाकीत शेवाळ खायला सोडलेल्या सगळ्या गोगलगायी मेल्या. शेवटी मोरीत जाणारं पाणी पिंपात साठवून त्यावर फरशी, संडास, झाडं भागवायला लागलो. ते आजही चालू आहे. म्हणजे तुझं म्हणणं पहिल्याच वर्षी पटलं होतं. कबूल करायला आठ वर्षं लागली. यात भित्रेपणा किती आणि अहंकार किती, हे मी अनेकदा तपासलंय. हिशोब लागत नाही.

आता गेल्या चार दिवसांतलं सांगतो. तुझे सर्जेराव रोज सकाळी दूध घालायला शहरात येतात तेव्हा सासुरवाडी म्हणून आमच्याकडेही थांबतात. एप्रिलपासून ते दुधाबरोबर तुमच्या बोअरच्या पाण्याचा कॅनही आणतात. "सर, नळाला पाणी यायची वाट बघत बसलात तर दाढी पांढरी व्हईल. घ्या आमचं." आम्ही ते वापरायला घेतो. रविवारी-सोमवारी मला खुलताबादकडे निवडणुकीची ड्यूटी होती, रत्नमाला तिच्या माहेरच्या लग्नाला गेली होती. घरी आई एकटी. टाकीच्या काचेवर मी पेनानं रेघ मारून ठेवलीय, पाणी तिच्याखाली गेलं की भर घालायची. आईनं ते रोज पाहिलेलं. पाणी खाली गेलेलं दिसल्यावर तिनं कपाटाखालचा शुद्ध पाण्याचा कॅन तसाच ठेवला आणि तुमच्या बोअरचं सहा लिटर पाणी ओतलं. मंगळवारी मी आलो तर मला मोठ्या कौतुकानं सांगते, "खाऱ्या पाण्याची टाकी म्हणतोस ना? मग खारंच घातलं. गोडं कशाला नासवायचं?" आपल्या घरात पाण्याला दोनच नावं. नळाचं आणि विहिरीचं ते गोडं, आणि ज्यात डाळ शिजत नाही, भांड्यावर पांढरी खपली धरते ते बोअरचं खारं. इतकी वर्षं मी 'खाऱ्या पाण्याची टाकी' म्हणत राहिलो आणि घरात तो शब्द कुठे जाऊन पोचतोय हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी तिच्यावर रागावलो नाही. तुझ्या बाजूनंच वागली होती ती.

प्रवाळ मिटून गेले होते. पाचही. एरवी दिवसा ते फुलासारखे उघडे असतात. मी तपासणीची पेटी काढली. नळीत पाणी घेऊन त्यात भुकटी आणि थेंब टाकायचे आणि आलेला रंग तक्त्याशी लावून बघायचा. नायट्रेट नावाचं एक द्रव्य टाकीत एकदम वाढलेलं दिसलं. म्हणून सर्जेरावांच्या कॅनमधलं उरलेलं पाणी तपासलं. त्याचा रंग तक्त्यातच नव्हता, बिटासारखा गडद. एका भागात चार भाग शुद्ध पाणी मिसळून पुन्हा केलं, तेव्हा कुठे तक्त्यात बसला. गुणून आकडा दोनशेच्या आसपास आला. पिण्याच्या पाण्यात तो पंचेचाळीसच्या वर नसावा. तुमच्या शेताभोवती गुंठेवारीची घरं झाली, प्रत्येकाचा शोषखड्डा, पाऊस नाही, बोअर खोल खोल जातेय. त्यामुळे असेल, खतामुळे असेल, मला नक्की माहीत नाही. मी वहीत लिहिलं, 'कारण सापडलं', आणि खाली दोन रेघा मारल्या. बुधवारचा दिवस टाकीचं पाणी बदलण्यात गेला. संध्याकाळी एक प्रवाळ थोडा उघडला. मला आनंद झाला, सुकू. हे लपवत नाही. त्या दोन दिवसांत तेच पाणी आणखी कोण पितंय हा प्रश्न मला पडला नाही, हेही लपवत नाही.

आज सकाळी सर्जेराव दूध मोजताना आईला श्रेयाच्या बाळाचं सांगत होते. अडीच महिन्यांचा झाला, श्रेयाला दूध पुरत नाही, वरचं पावडरचं चालू केलंय. मग हसून म्हणाले, "कान्हाच आलाय बघा घरात. बाटली पिऊन झाली की ओठ जांभळे, नखं जांभळी. आमची आई म्हणती, बारसं कशाला, नाव घेऊनच आलाय." आईसुद्धा हसली. मी विचारलं, पावडर कशात कालवता? म्हणाले, "गोडी विहीर तर फेब्रुवारीतच आटली सर. बोअरचंच. पण उकळून! वीस मिनिटं."

ते दूध घेऊन पुढे गेल्यावर मला त्या जांभळ्या रंगाचा अर्थ लागला आणि मी तुला फोन केला. आठ वर्षांनी तुझा आवाज ऐकला तो एवढाच, "तुझ्या माशाला नाय चाललं म्हणून आता आमचं पाणी वाईट व्हय?" आणि ठेवलास. चूक तुझी नाही. ज्या माणसानं तुला 'कळायचं नाही' म्हटलं, त्याचं तू का ऐकावंस? मग श्रेयाला लावला. तिनं ऐकून घेतलं. दुकानातून पाण्याच्या बंद बाटल्या मागवल्यात, आजची रात्र त्यांवर निघेल. मी लगेच निघत होतो, तर म्हणाली, "मामा, आई तापलीय, आत्ता आलात तर दारच लावंल. उजाडताच या, मी बाळाला घेऊन तयार राहते. जास्त वाटलं तर फोन करते." तिचं ऐकून थांबलो, ते बरोबर केलं की नाही, मला कळत नाही. फोन पत्राशेजारीच ठेवलाय. दर चार ओळींनी त्याकडे बघतोय.

सुकू, हे पत्र त्या दारासाठी आहे. उद्या तुझ्या हातात देऊन तू वाचून संपवेपर्यंत मी बाहेर उभा राहीन. बाळाचा तो रंग कान्ह्याचा नाही. इतक्या लहान जिवाच्या रक्ताला हे पाणी श्वास वाहू देत नाही, म्हणून ओठ निळे पडतात. मोठ्यांना काही होत नाही, म्हणून कुणाला शंका येत नाही. आणि तुम्ही जीव लावून जे करताय, तेच उलटतंय. उकळल्यावर उडतं ते नुसतं पाणी, बाकीचं मागेच राहतं आणि घट्ट होतं. माझ्या टाकीसारखं. तुला त्या दिवशी हे समजावून सांगितलं असतं, तर आज तू ते पातेलं चुलीवर ठेवलं नसतंस. आईनं वाचवलेला शुद्ध पाण्याचा कॅन, वीस लिटर, दाराशी आणून ठेवलाय. टाकीतलं पाणी आज रेघेखाली गेलंय, ते तसंच राहू दे. मला काय बोलायचं ते नंतर बोल, सगळं ऐकेन. फक्त बाळाला माझ्याबरोबर येऊ दे, आणि तूही चल.

तुझाच,
दादा

उद्या : उजाडताच बाळाला घाटी दवाखान्यात नेणं.