उशीलाही कळू दिलं नाही

सोमवार, ३ मार्च
जुन्या लॅबचा फोन. पुढच्या बुधवारी नव्या शास्त्रज्ञांसमोर 'गुपित कसं राखावं' यावर बोलाल का? बोलणारच! दुसरं आहे कोण? एकतीस वर्षं बॉम्बच्या कामात काढली, घरात चकार शब्द नाही. बायकोला काय, उशीलाही कळू दिलं नाही. सासरच्यांना वाटतं मी पंपाच्या खात्यात होतो. मेव्हणा अजून विहिरीवरच्या पंपाच्या मोटरबद्दल सल्ला विचारतो. मीही देतो. त्याच्या दोन मोटरी जळल्या, पण देशाचं गुपित शाबूत.
अडचण एकच. शुगर. वाढली तर डॉक्टर प्रवास करू देणार नाहीत. आजपासून गोड बंद. म्हणजे बंद!

मंगळवार, ४ मार्च
फिरायला गेलो. बेकरीत एक पेस्ट्री. इच्छाशक्तीची टेस्ट घ्यायची तर समोर पेस्ट्री नको? बिल फाडलं, चूळ भरली. पुरावा शून्य.

बुधवार, ५ मार्च
चहा देताना बायकोने विचारलं, काल चॉकलेटची होती ना? मी गारच. बातमी फुटली! संशय बेकरीवाल्यावर.

गुरुवार, ६ मार्च, सायंकाळ
लांबची बेकरी. टोपी, गॉगल, उगीचच चार गल्ल्यांचा वळसा. अननसाच्या दोन. एकच खाणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो.

शुक्रवार, ७ मार्च
अननसाच्या आणि त्याही दोन, असं म्हणून बायकोने कपाळाला हात लावला. आता संशय समोरच्या पोस्टमास्तरांवर. रिटायर झाल्यापासून गॅलरी सोडत नाहीत. सापळा लावला. काहीही न खाता त्यांना हळूच सांगितलं, आज व्हॅनिलाची हाणली. बायको व्हॅनिला म्हणाली की पोस्टमास्तर सापडले! काय डोकं आहे माझं.

शनिवार, ८ मार्च
बायको व्हॅनिला म्हणाली नाही. म्हणाली, त्या बिचाऱ्या पोस्टमास्तरांना कशाला फसवलंत?
हे तर फक्त मलाच माहीत होतं.

रविवार, ९ मार्च
शेवटी विचारलंच. म्हणे, अहो, तुम्ही झोपेत बोलता. लग्न झाल्यापासून.
आधी हसलो. मग ट्यूब पेटली. लग्न झाल्यापासून? म्हणजे ते कामाचं...? तेही, म्हणाली. बत्तीस ठिकाणी एकदम ठिणगी पडायला हवी आणि सात नंबरची वायर दगा देते, सगळं पाठ आहे तिला! चाचणीला निघायच्या आदल्या रात्री मी सात नंबर, सात नंबर म्हणून ओरडलो आणि मग डाराडूर झोपलो. ती मात्र बातमी येईपर्यंत रेडिओला कान लावून होती. जीव मुठीत धरून. आईला सांगितलं नाही, भावाला सांगितलं नाही. त्याच्या मोटरी जळत होत्या तरी!
जेवण गेलं नाही. तिच्याकडे बघायची लाज वाटली आणि तिच्याचकडे बघत बसलो.

मंगळवार, ११ मार्च
शुगर भरमसाट. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, बरंच झालं. लॅबने विचारलं, बदली वक्ता सुचवा. बायकोला म्हटलं, तू जा. ती म्हणाली, गुपित राखणारी बाई माइकपुढे जाईल का?
सायंकाळी मेव्हण्याचा फोन. नवी मोटर घ्यायची आहे, भाऊजींचं मत काय? बायकोने सांगून टाकलं, ह्यांना विचारू नकोस, ह्यांना पंपातलं ओ की ठो कळत नाही. तो म्हणाला, ताई, ते मला दुसरी मोटर जळली तेव्हाच कळलं. आता मिस्त्री सांगतो तेच करतो. पण विचारलं की भाऊजींना बरं वाटतं. त्यांना मात्र सांगू नकोस.
फोन स्पीकरवर होता.