बाराच्या बारा जीन्स

आये, आज दुकानात तीन नव्या मुली आल्या. नव्या मुलींना जीन्सची नावं शिकवायचं काम माझ्याकडे असतं. स्किनी, स्ट्रेट, बूटकट, हाय-वेस्ट. मी एकेक पँट टेबलावर पसरते, नाव सांगते, त्या माझ्यामागून म्हणतात. त्यातली एक कोळवणकडची, अंग चोरून उभी होती. तिने बूटकटच्या पायावरून सावकाश हात फिरवला, गुडघ्याखाली जिथे कापड सुटतं तिथे बोटं थांबवली आणि मगच नाव घेतलं. मी पुढची पँट उचललीच नाही. पाणी पिऊन येते म्हणाले आणि मागच्या जिन्यात जाऊन बसले. असं हाताने शिकणारी मी आयुष्यात एकच बाई पाहिली होती.

तुला जाऊन दहा वर्षं झाली. गावाकडे, भऱ्यात, आपली मेंढरं होती, तेव्हा तू संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी उभी राहून न मोजता सांगायचीस की तांबड्या कानाची मागे राहिली. मला ती सगळी सारखीच दिसायची. मी तसं म्हटलं की तू हसायचीस, "लोकास्नी सारखी दिसत्यात. ज्याची हायेत त्याला न्हाई." मग डोंगराकडच्या चराईला तारेची कुंपणं पडली, आबा गेले, मेंढरं विकली, आणि साफसफाईच्या कंत्राटदाराने तुला फरशी पुसायला पाठवलं ते नेमकं हिंजवडीजवळच्या माझ्याच दुकानात. मी तेव्हा तिथे कपडे दाखवायला होते. कोपरापर्यंत बाह्या, गळ्यात ओळखपत्र, आणि घरीसुद्धा तुझ्याशी पुण्याचं बोलायला लागलेले. पहिल्याच दिवशी जीपमध्ये मी तुला बजावलं, "दुकानात मला हाक मारायची नाही. आपली ओळख नाही, असंच वागायचं." तू खिडकीबाहेर बघत "बरं" म्हणालीस. त्या दिवसापासून दुकानात तू मला मॅडम म्हणायचीस. परतताना घोटवड्याचा फाटा आला की पुन्हा माझी आई व्हायचीस आणि विचारायचीस, "दुपारचं जेवलीस का गं?"

नावं शिकायचं खूळ तुझ्या डोक्यात कसं शिरलं, तेही मला माहीत आहे. ट्रायल रूमच्या दाराशी बसणारी बाई काम सोडणार होती. तिला बसायला स्टूल होतं. गिऱ्हाइकाने नको म्हणून टाकलेले कपडे प्रकारानुसार लावून परत पाठवायचे, एवढंच तिचं काम. तुझे गुडघे तेव्हा गेलेच होते. बादली उचलताना तू आधी भिंतीला हात लावायचीस. मी ते बघायचे आणि दुसऱ्या रॅककडे वळायचे.

सकाळी चुलीपुढे भाकरी थापता थापता तू धडे घ्यायचीस. मी घाईत, वेणी घालत, एका शब्दात उत्तर देणार. तू मात्र रमायचीस. "म्हंजी जिचं प्वाट वर चढलंय ती हाय-वेस्ट. कळलं." मॉम जीन्स ऐकून तर तू परातीवरचा हात थांबवलास. "मॉम म्हंजी आय ना? मग आयांनी घालायची व्हय?" मी म्हटलं, कॉलेजच्या मुली घालतात. "आन आयांनी?" मी म्हटलं, आयांनी पुसायचं. मला हा मोठा विनोद वाटला होता. तूही हसलीस. फाटक्या जीन्सचं नाव मात्र तुला मुळीच पटलं नाही. "फाटकी ती फाटकी. तिला आन येगळं नाव कशाला?" असं म्हणत म्हणत ते नावही तू पाठ केलंस. मला कळायचं, तू पुसता पुसता रॅकपाशी रेंगाळतेस, ओला हात पदराला पुसतेस आणि पँटीची शिवण चाचपतेस. लेबल वाचता येत नाही म्हणून तू कापडालाच ओळखायला शिकलीस.

एके दिवशी ट्रायल रूमबाहेर कपड्यांचा ढीग पडला होता. पोरी जेवायला गेल्या होत्या. तू तो सगळा ढीग लावून टाकलास, आणि एकही पँट चुकीच्या जागी नव्हती. मॅनेजरने ते पाहिलं. मला बोलावून म्हणाला, "ती पुसणारी बाई तुमच्याच गावाकडची ना? तिला नावं येतात का बघ जरा. येत असतील तर तिलाच बसवू तिथे. तू सांगशील तसं." आये, तो खरंच असं म्हणाला. मी सांगेन तसं.

सुट्टीच्या दिवशी अंगणात मी तुला मोबाईलवर बारा फोटो दाखवले. तू अंग धुऊन, डोक्यावर पदर घेऊन, परीक्षेला बसल्यासारखी बसली होतीस. एकेक नाव घेताना हवेत हात फिरवायचीस. संपल्यावर माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. मी म्हटलं, "दोन चुकल्या." तू विचारलंस, "कंच्या?" मी म्हटलं, "आता सांगून काय उपयोग." दुसऱ्या दिवशी मॅनेजरला सांगितलं, नाही जमणार तिला.

मला भीती वाटली, आये. तू दिवसभर माझ्या काउंटरसमोर बसणार, कधीतरी तुझ्या तोंडून मला 'बाळे' अशी हाक निघणार, कुणीतरी तुझं नाक आणि माझं नाक बघणार. सोबतच्या मुलींना मी सांगितलं होतं की माझी आई घरीच असते. एवढ्यासाठी. दुसरं काही कारण नव्हतं.

त्या संध्याकाळी फाट्यावर उतरल्यावर तूच माझी समजूत काढलीस. "जाऊ दी. तू नगं वाईट वाटून घिऊ. त्यांना शिकल्याली बाई पायजे आसंल. मी आजून शिकतीया." आणि खरंच शिकत राहिलीस. पुढची दीड वर्षं, फरशी पुसतच. शेवटी दवाखान्यात, तापाने ग्लानी आलेली असताना, नर्सच्या पँटकडे बघून तू हळूच म्हणालीस, "स्ट्रेट." मग माझ्याकडे वळून, "त्या दोन कंच्या गं चुकल्या व्हत्या? आता तरी सांग."

मी दोन नावं ठोकून दिली. तू ती पुटपुटत डोळे मिटलेस. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

आज मी शिकवते त्या मुलींना वाटतं, बाई कडक आहेत पण कुणी चुकलं तर रागवत नाहीत. कशी रागवू? हे सगळं मी बिलाच्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय, जिन्यात बसून. खाली पोरी वाट बघत असतील. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, आणि तुला तर वाचताच येत नव्हतं, म्हणून लिहायचं धाडस होतंय.

त्या दोन कुठल्या, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. तू चुकलीच नव्हतीस, आये. बाराच्या बारा बरोबर होत्या.