लव्हाळा पिकेपर्यंत

७ जुलै २००१, शनिवार

सापडला! हात धुऊन लगेच लिहायला बसलो.

कारा-साझच्या दलदलीत, सातारकुल आजोबांच्या कुरणाच्या टोकाला, झऱ्याकाठी — एकच झुबका. दांडा बोटांत फिरवला. तीन धारा लागल्या, म्हणजे लव्हाळाच. पण कणसं काळीभोर, मान टाकलेली. वनस्पती गोळा करत हिंडताना अशी कणसं आम्ही या उन्हाळ्यात एकदाही कागदात दाबली नाहीत. कनिशाय एजे, मोठ्या ताईसारखीच ती, चिखलात पालथी पडून भिंगातून बघत राहिली. बिश्केकच्या हर्बेरियममधली, वाळवलेल्या वनस्पतींच्या त्या संग्रहालयातली एवढी शिकलेली बाई, चिखलात पालथी! मग म्हणाली, "एसेन, मला हा ओळखता येत नाही." इतक्या आनंदाने 'येत नाही' म्हणणारं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं.

पण दाणा हिरवा आहे. दाणा पिकल्याशिवाय लव्हाळ्याची जात नक्की सांगता येत नाही. आणि मुळासकट हवा. "मूळ नसेल तर तो नुसता चारा," एजे नेहमी म्हणते.

ती उद्या परत चालली. महिनाअखेरीला जीप घेऊन येईल. तोवर पिकलेला, मुळासकट दाबलेला लव्हाळा तयार ठेवला, तर हिवाळ्यापासून हर्बेरियममध्ये माझी जागा पक्की! आठवीत शाळा सुटलेल्या माझी! आणि लेबलवर 'गोळा करणारा' म्हणून माझं नाव!!

आई लोणी घुसळत होती, तिला सांगितलं. घरात आम्ही दोघंच, सांगणार तरी कोणाला? म्हणाली, "गवत गोळा करायला पगार? मग आपल्या गाईला प्रोफेसर कर." पोट दुखेपर्यंत हसलो.

९ जुलै

घोड्यांचा काही भरवसा नाही, चरून टाकतील. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा जाऊन बघतो.

१२ जुलै, गुरुवार

सातारकुल आजोबा सोमवारपासून कुरण कापणार! धावत गेलो.

"आजोबा, एक झुबका सोडा."

"कोणता?"

"काळ्या कणसांचा. वाकलेला."

"पोरा, विळा काय कणसाचा रंग विचारून चालतो? खूण कर, म्हणजे दिसेल."

खूण केली. झुबक्याशेजारी काठी रोवली, जुना पांढरा शर्ट फाडून तिला पट्टी बांधली. गाठ ओढून पाहिली. घरी निघालो, अर्ध्या वाटेवरून परत जाऊन पुन्हा ओढून पाहिली.

१५ जुलै

काठीला दोन पट्ट्या आहेत. दुसरी मी बांधलेली नाही.

१६ जुलै

काय करून बसलो मी!

झऱ्याकाठी एकटी काठी, तिला पांढरी चिंधी — आमच्याकडे लोक दुसरं काय समजणार? मजार! मीसुद्धा लहानपणापासून अशा जागी घोड्यावरून उतरत आलोय. आणि स्वतः बांधताना डोक्यात फक्त लव्हाळा!

आज पट्ट्याच पट्ट्या. कुणी पावाचा तुकडाही ठेवलाय. आजोबांची सून बुरुलचा तिथे तळवे उघडून बसली होती. मला बघून दटावलं, "बूट काढ, एसेन! जागा पवित्र आहे." काढले. स्वतःच्याच शर्टापुढे मोज्यांवर उभा राहिलो! मोजे भिजले. हसू दाबत होतो.

पण कापणारे चांगलं एका घराएवढं अंतर सोडून वळले. एक पातंही तुटलं नाही!

२२ जुलै

दाणा तपकिरी होतोय!

मजारची गोष्टही पिकतेय. म्हणे इथे एका संताचा उंट पाणी प्यायला थांबला होता. उंट! या चिखलात! बुरुलचाला म्हटलं, रुतला असता. ती म्हणाली, "तोच तर चमत्कार."

हसून घेतलं. पण मजारातलं गवत उपटतात का कधी? मुळासकट? लोक मला गावात राहू देतील का? जेवण गेलं नाही. आईने आग्रह केला नाही.

२७ जुलै, शुक्रवार

पिकला! बोट लावलं की दाणा सुटतो. आज नाही तर सगळे गळून जातील.

खुरपं कोटात लपवून गेलो, तर आजोबा काठीपाशीच बसलेले. खुरपं काढून पुढे ठेवलं. म्हटलं, खोटं बोलायला आपल्याला जमत नाही. सगळं सांगून टाकलं — लव्हाळा, नोकरी, "आणि आजोबा, पहिली चिंधी माझ्या शर्टाची आहे."

"ठाऊक आहे. खूण कर असं मीच सांगितलं होतं ना?"

"मग लोकांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? सगळ्या मजारांवर पहिली चिंधी कुणीतरी बांधलेलीच असते. माणूसच बांधतो. मेंढी थोडीच बांधते?"

"आणि लव्हाळा?"

"लोक मागणं काठीला बांधतात, गवताला नाही. खण. पण आधी जागेला विचार. आणि सगळा नेऊ नकोस, हावरटा."

तळवे उघडले, मनापासून विचारलं. मग अर्धाच झुबका खणला. काय मूळ आहे! बुडाशी जांभळी-काळी चकाकती सालं. झऱ्यात धुतलं तेव्हा वाऱ्याने दाबायची वर्तमानपत्रं उडू नयेत म्हणून आजोबा त्यांच्यावर बसून होते. लांब दांडे कागदात मावावेत म्हणून मोडून दुमडले, वर पुठ्ठे, पट्टे आवळले. मी गात होतो. आजोबा म्हणाले, "उंट पळून जाईल."

२८ जुलै

कागद सकाळी बदलले, दुपारी बदलले. दाणे जागेवर!

३० जुलै, सोमवार

एजे आली. भिंग लावलं. मी पुठ्ठा धरून उभा.

"आमच्या एकाही कपाटात हा नाही, एसेन! एक कागद आपल्याला, एक अल्माटीला, एक ताश्कंदला!" मला धरून अंगणभर नाचवलं, कोंबड्या सैरावैरा. मग लेबलं लिहिली. माझं नाव तीनदा. एकही खाडाखोड नाही. उद्या तिच्याबरोबर जीपने जायचं. उद्या!

३१ जुलै

आई वाटेसाठी पिशवीत तळलेले बोरसोक भरत होती. सहज विचारलं, "तूही गेली होतीस का काठीपाशी?"

"गेले होते."

"काय मागितलंस?"

तिने पिशवी माझ्या हातात दिली. "दाणा पिकायच्या आत ते गवत वाळून जाऊ दे, म्हणून."