मुद्देमामाचे पाचवे बोट

चि. खोडरबर हिस,

मामाचे मनःपूर्वक आशीर्वाद. (कार्यालयात तुला सगळे ‘मॅडम’ म्हणतात, हे परवा समजले. परंतु जिने वयाच्या चौथ्या वर्षी माझ्या टेबलावरचे तीन खोडरबर खाल्ले, तिच्यासाठी नवे संबोधन योजण्यास मला सबळ कारण दिसत नाही.) मनगट कसे आहे? डॉक्टरांनी तीन आठवडे पेन्सिल धरू नये असे बजावले असता तू डाव्या हाताने प्लॅस्टरवरच चित्रे काढतेस, असे जावईबापूंनी कळवले. यास विश्रांती म्हणत नाहीत. माझी प्रकृती उत्तम आहे, आणि तिच्याविषयी अधिक काही जाणून घ्यायचे असल्यास दूरचित्रवाणी लावावी. तिथे मी आठवड्यातून तीनदा दिसतो.

तुझ्या कंपनीचे संमतिपत्र पोचले. तुझ्या कार्टून मालिकेतला मुख्य इसम, म्हणजे मुद्देमामा, माझ्यावरून बेतला असल्याने शनिवारपर्यंत माझी सही न आल्यास पुढील भाग निघणार नाहीत आणि तुझ्या वर्षभराच्या कामावर बोळा फिरेल, असे त्यात अत्यंत सभ्य भाषेत लिहिले आहे. तू मला अमर केलेस याबद्दल मी तुझा ऋणी आहे, हे प्रथम नमूद करतो. सही का अडली, ते आता सांगतो.

मुद्देमामाची व माझी भेट केशकर्तनालयात झाली. अर्धी दाढी झाली असता कारागिराचा वस्तरा हवेत थांबला. तो भिंतीवरच्या पडद्याकडे पाही, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. पडद्यावर माझी छत्री, माझा मफलर आणि माझे नाक धारण केलेला एक गृहस्थ नळ दुरुस्त करणाऱ्याला नळ का गळतो हे पटवून देत होता. पद्धतही माझीच. (चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवताना मी प्रत्येक अनुमान पाच बोटांवर मांडले: आधी म्हणणे, मग कारण, मग दाखला, मग तो दाखला समोरच्या गोष्टीला लावणे, आणि पाचव्या बोटावर निष्कर्ष.) गृहस्थाने चार बोटे मोजली, पाचवे शोधू लागला, आणि ते त्याला नव्हतेच! दुसऱ्या हातात छत्री. निष्कर्ष तसाच लटकला, नळवाला निघून गेला, दुकान हसले. पाचही बोटे सारखी नसतात हे मी ऐकून होतो. पाच नसतातच, ही माहिती नवी होती. मी अर्ध्या दाढीनिशी घरी आलो.

मंगळवारी अकरा कलमांचे आक्षेपपत्र घेऊन मी तुझ्या कार्यालयात गेलो. (तुला कळवले नाही, हे खरे. तूही मला कळवले नव्हतेस.) दारावरच्या रखवालदाराने ओळखपत्र मागितले नाही. तुम्हाला कोण अडवणार मामा, म्हणाला, आणि चार बोटांनी सलाम ठोकला. वर बारा चित्रकार माना खाली घालून माझेच हात काढत बसले होते. त्यांच्यातल्या चष्मेवाल्याने समजावले की कार्टूनच्या हाताला चारच बोटे देण्याचा जुना रिवाज आहे. पाचवे दिले की पंजा केळ्यांच्या फण्यासारखा दिसतो, आणि एका भागात हजारो हात, तेव्हा एवढी जादा बोटे कोण काढणार. आक्षेपपत्र घरीच राहिल्याचे माझ्या त्याच वेळी लक्षात आले. पिशवीतून कोरे संमतिपत्र आणि वाणसामानाची यादी निघाली. मग मी तोंडीच मांडणी आरंभली. प्रथम, छत्री माझी आहे. द्वितीय, मफलर माझा आहे, आणि माझ्या बहिणीने विणताना टोकाकडे सोडलेला टाकासुद्धा तुम्ही जसाच्या तसा काढला आहे. तृतीय, तो टाका आता जगात फक्त दोघांना ठाऊक आहे, मला आणि तिच्या मुलीला. चतुर्थ, ती मुलगी दर रविवारी मला फोन करते आणि याविषयी तिने अवाक्षर काढलेले नाही.

इथे बाराही जणांनी पेन्सिली खाली ठेवल्या आणि ते माझ्या करंगळीकडे पाहू लागले. अशा वातावरणात कुणाचाही निष्कर्ष पळेल. माझा पळाला. चौतीस वर्षांत प्रथमच. तेवढ्यात चहा देणाऱ्या बाई कपांचा ट्रे टेकवत म्हणाल्या, “म्हणजे मामा, बोटाचं काही नाही. तिनं आधी तुम्हाला सांगितलं नाही, ते लागलंय तुम्हाला.”

मी अनुमान तपासले. त्यात दोष सापडला नाही.

मग चष्मेवाला कुरकुरत म्हणाला की तो सुटलेला टाका आम्हाला प्रत्येक चित्रात काढावा लागतो, मॅडम एकदाही वगळू देत नाहीत. म्हणजे हजारो चित्रांत पाचवे बोट काढणे जमत नाही, आणि तुझ्या आईने सोडलेला टाका मात्र जमतो. या विसंगतीवर मला बरेच बोलायचे होते, परंतु मला चष्मा पुसायचा होता.

मुद्देमामा पडद्यावर आल्यापासून इथे ताप झाला आहे. वरच्या मजल्यावरच्या परिचारिका बाईंना पूर्वी माझ्या ‘द्वितीय’लाच गॅसवरचे दूध आठवे. आता त्या पिशवी जिन्यात टेकवून चौथ्या बोटापर्यंत थांबतात आणि स्वतःचा निष्कर्ष काढतात. तो बहुधा चूक असतो. तो दुरुस्त करण्यात अर्धा तास जातो, तोवर खालचा टपालवाला येतो आणि तिसराच निष्कर्ष काढतो. सबब, मुद्देमामास पाचवे बोट द्यावे. त्याखेरीज सही मिळणार नाही, असे मी निःसंदिग्धपणे कळवतो.

तुझा,
मामा

ता. क. सही केलेले संमतिपत्र याच पाकिटात आहे. (ते आधी हाती लागले असल्यास वरील मजकूर तू पुरेशा गांभीर्याने वाचला नसशील. पुन्हा वाचावा.) सही मंगळवारीच, जिना उतरल्यावर दारात, रखवालदाराच्या पेनने केली होती.

ता. क. दुसरा. पाचवे बोट देऊ नये. निष्कर्ष माझ्यापाशी असे तोवर लोक तो ऐकून जात; बरेचसे ऐकण्याआधीच जात. आता थांबतात.

ता. क. तिसरा. प्रथम, तुला अजून दोन आठवडे काम नाही. द्वितीय, माझ्याकडची मागची खोली झाडून ठेवली आहे. तृतीय, तू माझी छत्री डाव्या हातात दाखवतेस, मी ती उजव्या हातात धरतो. अशा चुका जवळून पाहिल्याखेरीज सुधारत नाहीत. चतुर्थ, टेबलावर नवे खोडरबर आणून ठेवले आहेत, तीन.