टायरवरच्या कारल्याच्या वेलीची खरी मालकीण

प्रति,
मा. परीक्षण अधिकारी,
औद्योगिक नक्षी नोंदणी विभाग,
कोलकाता

विषय : रिमोल्ड टायरच्या नक्षीवरील दोन आक्षेपांचा खुलासा, आणि आपल्या नजरेतून सुटलेल्या तिसऱ्या चुकीची कबुली.
संदर्भ : आपले दि. २० जानेवारी २०२५ चे पत्र.

महोदय,

१. अर्जदार शालिग्राम देवतळे हा जबलपुरात सव्वीस वर्षे झिजलेल्या टायरांवर नवे रबर चढवून देतो. गेल्या वर्षी त्याने ऑटोच्या टायरसाठी नवी नक्षी पाडली : उलटसुलट वळणारी वेल, आणि प्रत्येक वळणात एक कारले. बाजारातल्या मोठ्या दुकानांनी तिची नक्कल करू नये, म्हणून दिवाळीचा फराळ संपल्यावर त्याने आपल्याकडे नोंदणीसाठी अर्ज केला.

२. आपला पहिला आक्षेप असा की ही नक्षी शोभेची नसून रस्त्यावर पकड मिळावी म्हणून आहे, आणि आपण फक्त शोभेचीच नक्षी नोंदवता. अर्जदार शपथेवर सांगतो की तिचा पकडीशी काडीचाही संबंध नाही. ऑटोचालक अनिमेषभैया यांनी या महिन्यात नेपियर टाउनात, नळ फुटलेल्या रस्त्यावर गाडी चालवून ‘बाकी टायरांइतकीच घसरते’ असे लिहून दिले आहे. हा दाखला गिऱ्हाइकांच्या हाती लागू नये, ही विनंती.

३. दुसरा आक्षेप असा की ही नक्षी अर्जाआधीच लोकांनी पाहिली होती, म्हणून ती नवी धरता येत नाही. आपण पुरावा म्हणून जो फोटो दाखवता, तो अर्जदारानेच मोठ्या कौतुकाने अर्जाला जोडला होता. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची, अवजारांची पूजा होते. त्या दिवशी साच्यातून निघालेला पहिला टायर अर्जदाराची पत्नी बेबीताई यांनी कुंकवाच्या पाण्यात भिजवून पांढऱ्या चादरीवरून गडगडत घरात आणला, नवी सून आणतात तसा. फोटोत चाळीसेक माणसे आहेत. बहुतेकांचे लक्ष शिऱ्याकडे आहे, पण पाहिले ते पाहिलेच. शुभकार्याचा फोटो जोडला की सरकारी काम लवकर होते, अशी अर्जदाराची समजूत होती. त्याने आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला.

४. आपले पत्र नात दुर्वा हिने मोठ्याने वाचून दाखवले. सुरुवातीलाच ‘निर्माता : शालिग्राम देवतळे’ असे आले. बेबीताईंनी तिला तिथेच थांबवले आणि विचारले, “वेल मी रोज दारात काढून राहिली, अन् नाव तुमचं काहून?” टायर माझा आहे, असे अर्जदार म्हणाला. “टायर तुमचाच जी. चलो, एक कारलं काढून दाखवा.” अर्जदाराने काढले. दुर्वा म्हणाली, “आबा, ये चूहा है क्या?”

५. खरे हेच की वेल बेबीताईंची आहे. लग्न झाल्यापासून त्या रोज सकाळी दारात रांगोळी काढतात, आणि अर्जदार तिच्यावरूनच स्कूटर बाहेर काढतो. तीच वेल रबरात उतरवताना त्यांना विचारायचे राहून गेले. निर्मात्याच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिताना त्याचा हात जरासुद्धा अडखळला नाही. याची त्याला मनापासून लाज वाटते.

६. तरी, कारल्याची वेल हातची गेली असे समजून जुना अर्ज मागे घेऊ द्यावा. बेबीताईंनी आता दुसरी वेल काढली आहे. ती अजून कोणी पाहिलेली नाही, अर्जदारानेही नाही; पाकीट त्यांनी स्वतः चिकटवले आहे. ती त्यांच्याच नावाने नोंदवावी. या खेपेस पूजा नंतर होईल. नारळ देव्हाऱ्यात आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.

आपला नम्र, आणि यापुढे केवळ टायरवाला,
शालिग्राम देवतळे
राइट टाउन, जबलपूर
दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत :
(१) अनिमेषभैयांचा दाखला.
(२) नव्या नक्षीचा अर्ज, निर्माती बेबीताई देवतळे, बंद पाकिटात.
(३) दुर्वाने केलेला हिंदी अनुवाद. त्यात नम्रता कमी पडली असल्यास ती मूळ मराठीतून घ्यावी.
(४) अर्जदाराने स्वहस्ते काढलेले कारले, तो निर्माता नसल्याचा पुरावा म्हणून.