आईची ओपीडी

१८ फेब्रुवारी, रोहा

परवा निघायचं. आज बाजारात गेले तर नाक्यावर माझा फ्लेक्स. बारावीच्या निरोप समारंभातला साडीतला फोटो, गळ्यात स्टेथोस्कोप. तो नंतर चिकटवलेला, एका खांद्यावर सुरू होतो आणि मध्येच संपतो. 'रोह्याची सुकन्या डॉ. कु. तन्वी हिस परदेशातील पुढील वैद्यकीय शिक्षणासाठी हार्दिक शुभेच्छा!' खाली मामा आणि त्याचे नऊ मित्र, प्रत्येकाचा गॉगल घातलेला फोटो.

तिसऱ्या वर्षाला आहे मी. तिसऱ्या! अजून तीन वर्षं, मग इथली परीक्षा, ती पास झाले तर नावापुढे डॉ. लागणार. मामाला फोन केला, काढ तो आधी. "अगो, छापून झालाय. आता काय खोडरबरानं पुसू?"

घरी येऊन आईवर ओरडले. ती भाकरी थापत हसली. "व्हनारच हायस ना? मग?"

सुट्टीभर हेच. सकाळी दार उघडलं की कोणीतरी पिशवीत रिपोर्ट घेऊन ओट्यावर बसलेलं. कुणाची शुगर, कुणाचा गुडघा, कुणाचा पाच वर्षांपूर्वीचा एक्स-रे. खरं लिहायचं तर पहिले आठ दिवस मलाही बरं वाटलं. एक्स-रे उजेडाला धरून "हं" म्हणायला मजा यायची. नंतर वीट आला.

२० फेब्रुवारी, विमानतळ

बाबांना फर्स्ट शिफ्ट होती, बदलून घेतली. कोलाडला सानियाला गाडीत घेतलं. आम्ही एकाच वर्गात, एकाच खोलीत, आता विमानातही शेजारी. पेणला रामवाडीत आत्याकडे थांबलो, पोह्याचे पापड घ्यायला. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. एकटीच असते. तिचा मुलगा मंदारदादा पुण्याला, सणाला येतो.

आज आत्याने आईला खुर्ची दिली, स्वतः चहा करून दिला. गाडीत आई तेच बोलत होती. लग्नाला चोवीस वर्षं झाली, वन्संच्या हातचा चहा पहिल्यांदा. इतकी वर्षं 'सातवी शिकलेली' हेच आईचं नाव होतं त्या घरात.

आत्याच्या पायाला फोड. एका लग्नाला नव्या चपला घातल्या त्याचा. बघितला. काही नाही म्हटलं, कोरडं ठेव.

सानियाचं सामान माझ्याहून सहा किलो जास्त. तिच्या अम्मीने सुक्या कोलंबीचा, सोड्यांचा डबा दिलाय, वास इथपर्यंत येतोय.

२३ फेब्रुवारी, तिबिलिसी

आले. खोलीतला हीटर बंद. मालकीणबाई खांदे उडवते. पहिलाच दिवस, सकाळी नवाला लेक्चर, ऐंशी टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देणार नाहीत. मिनीबसमध्ये उभी. दीड महिना आयतं गरम जेवले, आता परत कुकर, डाळ, भात, भांडी. सानिया म्हणते पापड महिन्याभराचे आहेत, जपून. पहिल्याच दिवशी चौदा संपवले आम्ही.

२५ फेब्रुवारी

फार्माची टेस्ट शुक्रवारी. वाचत होते तर आईचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणते, "पलीकडच्या काकूंना तू सांगितलेलं मलम लागू पडलं हां."

मी कुठलं मलम सांगितलं?

"तू नाय गो. मीच दिलं, आपल्या कपाटातलं. पन तुझं नाव घेतल्याशिवाय कोन लावतंय?"

डोकं फिरलं. खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं. मी गेल्यापासून लोक येतच आहेत, आणि आई सांगते, थांबा, तनूला विचारते. आत जाते, पाच मिनिटं थांबते, बाहेर येऊन औषध सांगते. पाच मिनिटं! फोन केल्याचं नाटक! मागे डॉक्टरांनी घरच्यांना दिलेल्या उरलेल्या गोळ्या, टीव्हीवर ऐकलेलं, आजी करायची ते, सगळं माझ्या नावावर.

सानिया हसून हसून गादीवर पडली. "तुझ्या आईची ओपीडी! सकाळी दहा ते एक!" मला हसू आलं नाही. आईकडून शपथ घेतली, माझी शपथ, पुन्हा करणार नाही. "बरं बाय, नाय करत," असं म्हणाली, म्हणजे चिडली.

२७ फेब्रु.

टेस्ट बरी. हीटर चालू झाला. बर्फ. आईशी दोन मिनिटं बोलले, काय भाजी केली वगैरे. दोघीही सांभाळून.

३ मार्च

क्रमाने लिहून ठेवते.

आज सर्जरीच्या लेक्चरला मधुमेही पाय. स्लाइडवर स्लाइड. बाईंनी सांगितलं, ह्या पेशंटना पायात संवेदना नसते, चपलेत खिळा घुसला तरी कळत नाही, साध्या फोडावरून पाय जातो. आणि गरम पाणी कधीही नाही, भाजलं तरी त्यांना समजत नाही. सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही. लिहिताना आत्या आठवली. बारा वर्षं शुगर आहे तिला.

मधल्या सुट्टीत जिन्यात उभी राहून आत्याला फोन लावला.

"बरा हाय गो पाय. तू सांगितलंस तसंच करते. दोन टायमाला कढत पानी, मीठ टाकून, अर्धा तास बुडवून ठेवते. कॅप्सुला पन घेते."

मी सांगितलं?

"तुझ्या आईनं फोन केला व्हता ना. म्हनाली, तनूला विचारलं, ती म्हनते दवाखान्यात जायला नको."

व्हिडिओ लाव म्हटलं. तिला लावता येत नव्हता, शेजारच्या मुलीला बोलावलं. अंगठ्याशेजारची दोन बोटं काळी. भोवती कातडं सुटलेलं, लाल. आणि आत्या कॅमेऱ्यात बघून म्हणते, दुखत नाय अजिबात.

बाबांना लावला, बंद. सेकंड शिफ्ट. धाटावला प्लांटमध्ये मोबाईल नेता येत नाही, गेटवर जमा. मग आईला लावला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तू तिचा पाय घालवलास, हे बोलले. शपथ कुठे गेली, हे बोलले. आई आधी म्हणाली, गरम पाणी कधी कुणाला बाधलंय? मग म्हणाली, शपथेच्या आधी सांगितलं होतं मी. आधी! म्हणजे शपथ घेताना माहीत होतं, आणि गप्प बसली!

मी म्हटलं, मला खरंच विचारायला काय झालं होतं तुला? एक फोन!

तर म्हणते, "तू म्हनली असतीस दवाखान्यात दाखव. ते तर कोनीपन सांगतं. मग वन्सं मला कशाला इचारतील?"

लेक्चरला परत गेले नाही. एक गैरहजेरी.

४ मार्च

बाबा आज रजा टाकून आत्याला पेणच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. ॲडमिट. शुगर चारशेच्या वर.

वही मागे उलटून वीस तारीख काढली. विमानतळावरचं पान. 'काही नाही म्हटलं, कोरडं ठेव.' एवढंच आहे. दवाखान्यात दाखव असं म्हटल्याचं लिहिलेलं नाही. म्हटलं होतं का? मला वाटतंय म्हटलं होतं, गाडीत बसताना. सानियाला विचारलं. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "मैं झूठ नहीं बोलूंगी यार. मला नाय आठवत."

बारा वर्षांची शुगर मला माहीत होती. खाली बसून दोन्ही पाय नीट बघायला हवे होते. पापड बांधून घेत होते मी तेव्हा.

तरी आईचा राग कमी होत नाही. उलट वाढतोय. माझं चुकलं ते अर्ध्या मिनिटाचं, घाईतलं. तिचं रोज दोन टायमाचं.

५ मार्च

दोन्ही बोटं काढावी लागणार. उशीर केला तर पंजा. सर्जनने बाबांना स्पष्ट सांगितलं. दादा पुण्याहून निघालाय.

आईचा फोन सहा वेळा आला. सातव्यांदा उचलला. रडत होती. "वन्संना सांगू नको गो. त्यांच्या दारात मला परत उभं राहता नाय येनार. त्यांना वाटू दे तूच सांगितलं. तू काय, लांब हायस. तुला कोन काय बोलनार हाय?"

तू लांब आहेस! जसं काही लांब असलं की माणसाला नावच नसतं. मी फोन ठेवला. मग बाबांचा आला. आईला काही बोलू नको, दोन दिवस जेवली नाही ती. आत्या जेवली का हे मी विचारलं. "विचारतो," म्हणाले बाबा.

बाबा असेच. बॉयलर फुटला तरी आवाज चढणार नाही. दोघींपैकी एकीवर तरी ओरडा ना! आईवर नाही तर माझ्यावर.

लेक्चरला गेले, बसले, काही टिपलं नाही. हजेरी लागली.

६ मार्च

आत्या सही करत नाहीये. सर्जनने समजावलं, दादाने समजावलं. एकच म्हणते, तनूला विचारा. तिनं आधी सांगितलं व्हतं जायला नको, आता तिलाच विचारा कापायचं का. वॉर्डातल्या सिस्टरलाही सांगते म्हणे, आमची डॉक्टर हाय परदेशात.

दादाचा मेसेज. 'तू तिला काय काय सांगितलं होतंस नक्की? आईचा पाय आहे तो.' उत्तर चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. सानिया म्हणते, सांगून टाक सगळं, तुझ्या आईचं तोंड लपवून तुझं काळं का करतेस? बरोबर आहे तिचं. तिच्या अम्मीने असं काही केलं असतं तर तिने सांगितलं असतं का, ते मात्र बोलली नाही.

उद्या सकाळी फोन करायचा, सर्जनच्या राउंडच्या आधी. त्यांचे नऊ, आमचे साडेसात.

७ मार्च

आत्याचा फोन आईने उचलला. ती कॉटजवळ होती. स्पीकरवर टाकते म्हणाली. मी म्हटलं आत्याच्या हातात दे. "हाताला सलाईन हाय त्यांच्या," म्हणून तीच धरून उभी राहिली. सगळं तिच्यासमोर.

आत्याला म्हटलं, सर्जन सांगतात ते कर. सही कर. आजच.

"तू सांग ना. कापू देऊ?"

आत्या, मी डॉक्टर नाहीये. मी शिकतेय अजून.

ती एकदम हळू आवाजात, "गोळ्या सांगताना व्हतीस. पानी सांगताना व्हतीस. आता बोटं कापायची म्हटल्यावर नायस व्हय?"

तोंडावर आलं होतं. ते मी नव्हते, ही जी फोन धरून उभी आहे ना, ती होती. एक वाक्य. पलीकडे आईचा श्वास ऐकू येत होता, फोनच्या अगदी जवळ. मी थांबले. तिने बोलावं म्हणून थांबले. किती वेळ थांबले माहीत नाही. वॉर्डात कुणीतरी खोकत होतं. बोल ना आई, आता तरी बोल.

नाही बोलली.

मग मी म्हटलं, चुकलं माझं आत्या. दे कापू. सही कर.

"बरं," एवढंच म्हणाली आत्या. सही केली, नऊ वाजून वीसला. दादा नंतर माझ्याशी बोलला नाही. दुपारी ऑपरेशन झालं, दोन बोटं. पंजाचं चार-पाच दिवसांनी कळेल.

संध्याकाळी आईचा मेसेज, 'बरं केलंस बाय.' मी तिच्यासाठी केलं नाही! आत्या सही करत नव्हती, वेळ नव्हता, म्हणून केलं. की तिच्यासाठीच केलं? इतका संताप आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि हे बोलायला दुसरं कुणी नाही म्हणून पुन्हा तिलाच फोन लावावासा वाटतोय. लावला नाही.

८ मार्च

रविवार. राहिलेल्या नोट्स उतरवल्या. हजेरी ब्याऐंशी टक्के, सांभाळायला हवी. सानियाने सोडे-बटाटे केले, जेवले.

बाबा बोलले. आत्याला ताप नाही. ड्रेसिंग उद्या सकाळी साडेनऊला बदलणार, तेव्हा बाहेर थांबावं लागतं, मग दहापासून अर्धा तास आत्याजवळ बसू देतात. आई उद्या रोह्याला घरी आहे, बाबा एकटेच जाणार आहेत. आपणहून म्हणाले, "तुला आत्याशी काय बोलायचं असेल तर मी फोन तिच्याकडं देतो आणि बाहेर जाऊन उभा राहतो."

म्हणजे बाबांना माहीत आहे. पहिल्यापासून माहीत असेल.

दहा म्हणजे आमचे साडेआठ. नवाच्या लेक्चरला साडेआठला निघावं लागतं.